मशीन शंभर दाखवतंय, पण बीपी खरंच शंभर आहे का?



आज घरात वापरायच्या तपासणी यंत्रांबद्दल, म्हणजे बीपीचं मशीन, साखरेचं मीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर यांच्याबद्दल लिहितोय. पट्टा कसा बांधायचा, रक्ताचा थेंब कसा घ्यायचा हे मागे लिहिलेलं आहे. आजचा विषय त्या यंत्राच्या पडद्याचा आहे, म्हणजे ज्या छोट्या काचेवर आकडा उमटतो तिचा. हा काय डॉक्टरने लिहायचा विषय आहे का, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

झालं असं. परंडा तालुक्यातले आमचे एक तात्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे, शेतकरी माणूस, बीपीच्या दोन गोळ्या नियमित घेणारा. मुलाने त्यांना घरी मशीन आणून दिलं आणि तात्या रोज सकाळी वहीत आकडे लिहायला लागले. एके दिवशी त्यांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, बीपी लई कमी यायलंय. एकशे चार, एकशे सहा, एकशे दोन. आन् आकडे तुटकेच दिसायलेत बघा."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसऱ्यावर म्हणालो, "तात्या, एकदा मोतीबिंदू दाखवून घ्या." आणि दोनपैकी एक गोळी बंद करायला सांगितली.

अठरा दिवसांनी तात्या स्वतःच दवाखान्यात आले. मान आणि डोकं जड झालंय म्हणाले. मी बीपी घेतलं तर १८८/९८. डॉक्टरला बघून बीपी वाढतं हे माहीत असल्याने पंधरा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तर १८४/९६. तात्यांनी पिशवीतून वही आणि मशीन दोन्ही काढून टेबलावर ठेवलं. वहीत १०४/९६, १०६/९८, १०२/९४, मध्येच १७४/९२, परत १०६/९६. मी त्यांचं मशीन माझ्याच दंडाला बांधलं. आधी एक आला, शेवटी चार आला आणि मधल्या जागी असा एक आकडा आला जो कुठल्याच भाषेत आकडा नव्हता. वर एक रेघ, खाली एक रेघ, उजवीकडे वर एक तुकडा, डावीकडे खाली एक तुकडा. तो दोन होता, फक्त त्याची मधली आडवी रेघ गेली होती.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि कॅल्क्युलेटरवर येतो तसा इंग्रजी आठ काढा. तो सात रेघांचा असतो: तीन आडव्या, चार उभ्या. या मशीनमधला प्रत्येक आकडा याच सात रेघा कमी-जास्त पेटवून तयार होतो. आता आठाची मधली आडवी रेघ खोडा. काय उरलं? शून्य. अगदी स्वच्छ, नीटनेटकं शून्य, ज्याच्याकडे बघून कुणालाही शंका येणार नाही. तात्यांचं १८४ हे १०४ होत होतं आणि १८६ हे १०६. एक आणि सात या आकड्यांत मधली रेघ लागतच नाही, म्हणून १७४ बरोबर दिसायचं. बाकी दोन, तीन, चार, पाच, सहा, नऊ मात्र तुटके दिसायचे. तात्यांनी काय करावं? आकडा तुटका आला की मोजमाप चुकलं असं समजून, पूर्ण आकडा येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा मोजायचे. म्हणजे १६४ आलं की सोडून द्यायचे आणि १०४ आलं की वहीत लिहायचे. माणूस प्रामाणिक, वही प्रामाणिक, आणि वहीतलं बीपी खोटं.

माझी चूक यात दुहेरी आहे. एक तर त्यांनी मला फोनवर दोष सांगितला होता आणि मी तो त्यांच्या डोळ्यांवर ढकलला. दुसरं म्हणजे मी खालचा आकडा विचारलाच नाही. वरचं बीपी १०४ आणि खालचं ९६, म्हणजे दोन्हीत फरक आठाचा. साधारणपणे हा फरक चाळीसच्या आसपास असतो. घरात चालत्याबोलत्या, चक्कर न येणाऱ्या माणसाचा फरक आठ आला, तर डॉक्टरने बीपीवर नाही, आकड्यावर शंका घ्यायला हवी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवलेलं असतं. सुदैवाने तात्यांना त्या अठरा दिवसांत काही झालं नाही. गोळी पुन्हा सुरू केली, आठवड्याभरात बीपी ताळ्यावर आलं. पण लकवा झाला असता तर मी त्याचं कारण "बीपी अचानक वाढलं" असंच लिहिलं असतं, आणि त्या मशीनकडे कुणी बघितलंही नसतं.

रेघ जाते कशी, तेही समजून घ्या, कारण आपल्या भागात त्याला भरपूर कारणं आहेत. पडद्याची काच आणि आतली सर्किटची पट्टी यांना बऱ्याच यंत्रांत रबरासारख्या पट्टीने जोडलेलं असतं. त्या पट्टीत वीज वाहणारे आणि न वाहणारे बारीक थर एकाआड एक असतात. यंत्र पडलं, दाबलं गेलं, आत धूळ किंवा दमट हवा शिरली की त्यातला एखादा संपर्क सुटतो आणि नेमकी एक रेघ गायब होते. यंत्राचं मोजमाप तेव्हाही बरोबरच चालू असतं, फक्त दाखवणं चुकतं. म्हणून "आमचं मशीन दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघितलंय" एवढ्याने काम भागत नाही. ताडून बघितलं त्या दिवशी तुमचं बीपी १३४ असेल आणि पडद्याचा दोष पुढच्या महिन्यात सुरू होईल.

उन्हाळ्याचंही तसंच. बहुतेक बीपी मशीनच्या माहितीपत्रकात ते ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असं छापलेलं असतं. धाराशिवच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत चाळीस म्हणजे सकाळचं तापमान झालं. फार तापला की एलसीडी पडदा काळपट होतो, आकडे पुसट होतात. थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होतो, पण त्या वेळेचं वाचन धरू नका.

आणखी एक गंमत सांगतो, पण ती गमतीची नाही. या साध्या पडद्यांना बघण्याची एक ठरलेली दिशा असते. यंत्र टेबलावर ठेवून तुम्ही त्याच्यासमोर बसलात की आकडे ठसठशीत दिसतात. सूनबाई पलीकडून उभी राहून वाकून बघत असेल, तर पेटलेल्या रेघा फिक्या दिसतात, आणि न पेटलेल्या रेघांची सावली मात्र दिसू लागते. मग शून्याचा आठ झाल्यासारखा वाटतो. पोलराइज्ड गॉगल घालून वाचलं तर काही कोनांत पडदा पूर्ण काळाच दिसतो. आमच्याकडे एक पोलीस कर्मचारी "मशीन बंद पडलं" म्हणून घेऊन आले होते. गॉगल काढायला सांगितला, मशीन सुरू झालं!

ऑक्सिमीटरचं मात्र मला आजही आठवलं की पोटात गोळा येतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात निम्मी तपासणी आम्ही फोनवर करत होतो. खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, सोलापूर आणि लातूरही भरलेलं. एका घरातून पुतण्या रोज आकडा सांगायचा. त्या दिवशी म्हणाला, "काका, अठ्ठ्याण्णव आहे." पण मागे बाईंचा धाप लागलेला आवाज ऐकू येत होता. आकडा आणि आवाज जुळेना. त्याला म्हटलं, बोटाचा आणि मशीनचा फोटो पाठव. फोटोत आकडा ८६ होता. मुलगा खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहून उलटं वाचत होता. इंग्रजी आठ उलटा केला तरी आठच राहतो, सहाचा नऊ होतो आणि नवाचा सहा. ८६ उलटं धरलं की ९८. धोक्याचा आकडा आणि निर्धास्त करणारा आकडा यांच्यात फक्त तुम्ही खाटेच्या कोणत्या बाजूला उभे आहात एवढाच फरक! काही ऑक्सिमीटरमध्ये बटण दाबून पडदा फिरवता येतो, ती सोय चांगलीच आहे. पण कोणता आकडा ऑक्सिजनचा आणि कोणता नाडीचा हे त्या काचेवर इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ज्याला गरज आहे त्यालाच ते वाचता येत नाही.

आकड्यांच्या लिपीचाही प्रश्न आहे, आणि तो पुण्या-मुंबईतल्या इंजिनियरच्या लक्षात येणं अवघड आहे. ज्यांचं शिक्षण चौथीपर्यंत मराठीत झालं आणि पुढे इंग्रजी आकड्यांशी फार संबंध आला नाही, अशा आजीबाईंना इंग्रजी ९ हा मराठी एकासारखा दिसतो आणि इंग्रजी ८ हा मराठी चारासारखा. घाईत, चष्म्याविना, पहाटे पाच वाजता, घाम फुटलेला असताना साखरेचा आकडा वाचायचा असेल तर काय होईल, कल्पना करा.

साखरेच्या मीटरचं पुढचं प्रकरण जरा मोठं आहे आणि ते अमेरिकेतलं आहे, पण आपल्या उपयोगाचं आहे. साखर मीटरच्या मर्यादेपेक्षा जास्त असली की मीटर आकडा दाखवत नाही, "एचआय" असं दाखवतं. बऱ्याच मीटरमध्ये ही मर्यादा ६०० ची असते. फार कमी असली की "एलओ". लाइफस्कॅन या कंपनीचं शुअरस्टेप नावाचं मीटर १९९६ पासून विकलं जात होतं. त्यात साखर ५०० च्या वर गेली की काही वेळा "एचआय" ऐवजी "ईआर १", म्हणजे चूक झाल्याची खूण यायची. रुग्णाला वाटायचं पट्टी खराब आहे. तो दुसरी पट्टी लावायचा, तिसरी लावायचा, आणि खरं तर त्याला त्या क्षणी रुग्णालयात असायला हवं होतं. शिवाय पट्टी नीट आतपर्यंत गेली नाही तर साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवली जायची. हे दोष कंपनीला विक्रीआधीपासून ठाऊक होते आणि लोकांच्या तक्रारी व आजारपणं तिने तिथल्या औषध प्रशासनाला नीट कळवली नाहीत, असं सरकारी पक्षाने मांडलं. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सगळं मिळून ६ कोटी डॉलर मोजले.

याच कंपनीची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. २०१३ साली तिच्या व्हेरिओ आयक्यू या मीटरमध्ये असं आढळलं की साखर १०२४ किंवा त्याहून जास्त असेल तर मीटर धोक्याची सूचना देण्याऐवजी बंदच पडतं. इतकी साखर क्वचितच कुणाची होते. (संगणक शिकलेल्यांना १०२४ हा आकडा ओळखीचा वाटेल.) तरीही कंपनीने स्वतः जाहीर करून जगभरातली ती मीटर परत मागवली आणि बदलून दिली. पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी यंत्रात दोष होताच. दोष कुणाच्याही यंत्रात निघू शकतो. तक्रार आल्यावर कंपनी काय करते, हे मला यंत्राच्या किमतीपेक्षा आणि पेटीवरच्या चमकदार चित्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे काय होतं ते तात्यांच्या मशीनच्या निमित्ताने मी स्वतः बघितलं. मुलगा आधी दुकानात गेला होता. दुकानदाराने सेल बदलून दिले, पैसे घेतले आणि "आता बघा, एक नंबर" म्हणाला. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर "सेल काढून परत घाला" असं सांगितलं. पुन्हा फोन केला, तर पडदा फुटला असेल तर तो वॉरंटीत बसत नाही म्हणाले. पडदा फुटला नाही हो, एक रेघ येत नाही, असं तो परोपरीने सांगत राहिला. पलीकडच्या मुलीसमोर जी यादी होती त्यात "रेघ येत नाही" असा पर्यायच नसावा. शेवटी मशीन पुण्याला कुरियरने पाठवा, जाण्याचा खर्च तुमचा, असं ठरलं. त्याने नाद सोडला. मशीन घरातच राहिलं आणि तात्या मोजत राहिले.

मी दुकानदाराला आणि त्या मुलीला दोष देऊन मोकळा होणार नाही, कारण त्याच तक्रारीचं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. आम्ही तिघांनीही एकच गोष्ट केली: म्हातारा माणूस यंत्राबद्दल बोलतोय म्हणजे त्याला यंत्र कळत नसणार, असं धरलं. आणि खरं तर आम्हा सगळ्यांत एकटे तात्याच तो पडदा रोज बघत होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरातल्या तपासणी यंत्राचा पडदा नीट दिसत नाही ही ग्राहकाची कुरकुर नाही, ती रुग्णाची तक्रार आहे. "पोटात दुखतंय" याला जेवढा मान आपण देतो तेवढाच मान "आकडा तुटका दिसतोय" याला द्यायला हवा. कंपन्यांना सांगायचं तर माझ्यासारख्या गावाकडच्या डॉक्टरचं म्हणणं साधं आहे. ब्लूटूथ नंतर द्या. आधी आकडे मोठे करा, मागे उजेड द्या, ऑक्सिजन आणि नाडी वेगवेगळ्या आकारात दाखवा, आणि चूक झाली तर "ई ३" असं कोडं न घालता सोबतच्या कागदावर मराठीत ठळक अक्षरांत त्याचा अर्थ छापा. यंत्र सुरू होताना सगळ्या रेघा जेमतेम एक-दोन सेकंद पेटतात, त्या पाच सेकंद पेटू द्या. यातलं काहीच महाग नाही.

किमतीचं बोलायचं तर केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, बीपी मशीन, साखरेचं मीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला. त्याने यंत्रं स्वस्त झाली हे चांगलंच. पण स्वस्त यंत्र बिघडल्यावर ऐकून घेणारा माणूस त्या किमतीत मिळेलच असं नाही. मी रुग्णांना आता यंत्राचा ब्रँड सांगत नाही. दुरुस्ती किंवा बदली धाराशिव, बार्शी किंवा सोलापुरात होते का, एवढं विचारून मग घ्या, असं सांगतो.

वर म्हटलेल्या त्या एक-दोन सेकंदांबद्दल थोडं अधिक. बहुतेक बीपी मशीन आणि मीटर सुरू करताना सगळे आकडे ८८८ असे दाखवतात. ते यंत्राचं नटणं नाही, तुमच्यासाठी केलेली पडद्याची चाचणी आहे. त्या क्षणी प्रत्येक आठ पूर्ण आहे का ते बघा. नजरेने जमत नसेल तर नातवाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि थांबवून बघा. एखाद्या आठाची एखादी रेघ नसेल तर त्या यंत्राचा आकडा, कितीही बरोबर वाटला तरी, त्या दिवसापासून धरायचा नाही. सेल बदलून बघायला हरकत नाही, कारण सेल उतरले की पूर्ण पडदाच फिका होतो. पण एकच रेघ जात असेल तर तो सेलचा दोष नसतो.

आणि घरच्या एका आकड्यावरून गोळी बंद किंवा कमी करू नका, डॉक्टरने फोनवर सांगितली तरी एकदा उलटून विचारा! पाच मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ काही दिवस मोजलेलं बीपी घेऊन या. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्त समजायचं. वरचा-खालचा दोन्ही आकडे सांगा आणि शक्यतो पडद्याचा फोटो पाठवा. फोटो पाठवला की तात्यांच्या बाबतीत झालं तसं होत नाही, कारण तुटका आकडा मलाही तुटकाच दिसतो.

परदेशातून मुला-मुलींनी पाठवलेल्या मीटरबद्दल एक सूचना. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या मापात मोजतात. तिथलं ७ म्हणजे आपलं १२६ आणि १६.७ म्हणजे आपलं साधारण ३००. त्या आकड्याला १८ ने गुणायचं. मधला टिंब दिसला नाही तर १६.७ चं १६७ होतं आणि माणूस समाधानाने पेढा खातो. असं मीटर वापरूच नका, इथलं घ्या.

आता तक्रार कुठे करायची. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्या देशात आहे हे फार कमी जणांना ठाऊक आहे. खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही. मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया असं तिचं जड नाव आहे. ६ जुलै २०१५ ला ती सुरू झाली, तिचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार रुग्णसुद्धा करू शकतो. अपाय झालेलाच असला पाहिजे असं नाही, होऊ शकला असता एवढंही पुरतं. तात्यांच्या मशीनची नोंद ही मी इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये केलेली अशी पहिली नोंद. लाज वाटली, पण केली.

पैशाची किंवा बदलीची तक्रार वेगळी. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे फोन गेल्यावर बऱ्याच कंपन्यांना अचानक ऐकू यायला लागतं. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी कुठलीही असो, तुम्ही धाराशिवमध्येच दाद मागू शकता. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत करायची. आपल्या महाराष्ट्रातच बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. तरी बीपी मशीनचं बिल जपून ठेवणारा रुग्ण मला महिन्यातून एखादाच भेटतो. बिल आणि पेटी ठेवा. पेटीवरचा बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक यांच्याशिवाय कुठलीच तक्रार पुढे सरकत नाही.

तक्रार लिहिताना "मशीन खराब आहे" असं लिहू नका. तात्यांच्या मुलाने शेवटी माझ्या टेबलावर बसून असं लिहिलं: "वरच्या बीपीच्या मधल्या आकड्यातली मधली आडवी रेघ उमटत नाही, त्यामुळे १८४ हे १०४ असं दिसतं, वडिलांची गोळी चुकीने बंद झाली, सुरू होतानाच्या ८८८ चा व्हिडिओ जोडला आहे." हीच तक्रार तो महिनाभर फोनवर करत होता. पण या वाक्यानंतर नऊ दिवसांत नवं मशीन घरपोच आलं, आणि जुनं त्यांनी स्वखर्चाने नेलं. पत्रात दिलगिरीही होती. कंपनीचं मी हे श्रेय काढून घेणार नाही. फक्त पहिल्या फोनलाच तिथल्या कुणीतरी "कोणती रेघ?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. मीही विचारलं असतं तर.

तात्यांचं नवं मशीन मोठ्या आकड्यांचं आहे. वही तीच आहे, पण त्यांनी पट्टीने आखून एक नवा रकाना पाडलाय. वर लिहिलंय "आठ दिसला". परवा आले तेव्हा दाखवत होते. सगळ्या ओळींपुढे "हो" आहे, एक ओळ सोडून. त्या दिवशी चष्मा सापडला नव्हता म्हणाले.